कर्ता कोण? : वेठ, उचल व अपव्यापार या शब्दांचा अर्थविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

माणसाने माणसावर मालकी गाजवावी, या गोष्टीस आज कोणत्याही देशाचा कायदा मान्यता देत नाही. तथापि आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना व तिच्या सहयोगी संस्था यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ४ कोटी ९६ लक्ष माणसे आधुनिक दास्यात होती. त्यांपैकी २ कोटी ७६ लक्ष सक्तीच्या श्रमात, तर २ कोटी २० लक्ष सक्तीच्या विवाहात अडकलेली होती. कायद्याने नाहीशी केलेली वस्तू व्यवहारात एवढ्या प्रमाणावर शिल्लक राहते, याची कारणे अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र या शास्त्रांनी आपापल्या परीने सांगितली आहेत. प्रस्तुत लेखाचा हेतू त्यांत भर घालण्याचा नाही. या प्रश्नाला भाषेचे एक अंग आहे आणि ते अंग गौण नाही, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

दास्याचा गुन्हा उघडकीस येतो तो बहुतांशी जबानीतून. श्रमिक काही वाक्ये बोलतो. अधिकारी किंवा कार्यकर्ता ती लिहून घेतो. आणि त्या वाक्यांवरून हा मनुष्य मुक्तिपत्रास पात्र आहे की नाही, याचा निर्णय होतो. श्रमिकाची वाक्ये एका बोलीतील असतात, कायद्याची वाक्ये दुसऱ्या भाषेतील असतात, आणि दोहोंची व्याकरणिक घडण निराळी असते. कायदा नेहमी विचारतो की हे कृत्य कोणी केले. बोली पुष्कळदा सांगते की असे घडले. या दोन घडणींमधील अंतरात माणसे हरवतात. ते अंतर कसे पडले, हे मराठीतील काही शब्दांच्या आधारे पाहू.

२. मालकीचे शब्द

ज्या काळी माणसाची खरेदी-विक्री उघडपणे होत असे, त्या काळी तिच्यासाठी भाषेत उघड शब्द होते. पेशवेकालीन कागदपत्रांत ‘बटीक’ व ‘कुणबीण’ हे शब्द विकत घेतलेल्या स्त्रीसाठी येतात आणि तिची गणना इतर मालमत्तेबरोबर होते. ‘कुणबीण’ हा शब्द ‘कुणबी’ या शब्दाचे सरळ स्त्रीलिंगी रूप होय. शेतकऱ्याची बायको हा त्याचा एक अर्थ, आणि घरात राबणारी क्रीत दासी हा दुसरा. ‘गुलाम’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अरबीत त्याचा मूळ अर्थ मुलगा किंवा तरुण असा आहे. इंग्रजीतील दासवाचक शब्द तर स्लाव या लोकसमूहाच्या नावावरून निघाला. यावरून असे दिसते की दास्यासाठी भाषा सहसा नवा शब्द घडवीत नाही. मुलगा, गडी, शेतकरीण, परका अशा नित्याच्या शब्दांनाच ती तो अर्थ चिकटविते. मुंबईच्या सुखवस्तू घरांत कोकणातून आलेल्या घरगड्याला त्याचे खरे नाव काहीही असले तरी ‘रामा’ म्हणून हाक मारण्याची जी रीत होती, ती याच प्रवृत्तीची सौम्य छटा होय.

१८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या मुलखातील न्यायालयांनी गुलामावरील मालकीहक्क मान्य करण्याचे बंद केले. पुढे १८६० च्या भारतीय दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला. ‘बटीक’ हा शब्द त्यानंतर हळूहळू व्यवहारातून गेला आणि कथाकादंबऱ्यांत उरला. शब्द गेला म्हणून संबंध गेला, असे मात्र झाले नाही.

३. वेठ आणि बिगार

‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’ यापासून प्राकृतमार्गे आला. राजाने प्रजेकडून मोबदल्यावाचून घेतलेले काम, असा त्याचा अर्थ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टीचा उल्लेख राज्याच्या साधनसामग्रीत येतो. इसवी सन १५० च्या सुमाराचा रुद्रदामन् राजाचा जुनागढ येथील शिलालेख सांगतो की सुदर्शन तलावाचा बांध त्याने कर, विष्टि व प्रणय यांचा जाच न करता बांधून घेतला. जाच केला नाही हे कोरून ठेवण्याजोगे वाटले, यातच जाच किती नित्याचा होता हे येते. याच शब्दाची रूपे कानडीत ‘बिट्टि’ आणि तेलुगूत ‘वेट्टि’ अशी आढळतात. ‘बिगार’ हा फारसीतून आलेला त्याच अर्थाचा शब्द. ‘बाजारहाट’, ‘धनदौलत’ यांप्रमाणे परका व देशी असे दोन समानार्थी शब्द एकत्र येऊन ‘वेठबिगार’ हा जोडशब्द सिद्ध झाला. दोन राजवटींनी आपापला शब्द आणला. काम मात्र तेच राहिले.

या शब्दाचा मराठीतील मुख्य प्रयोग ‘वेठीस धरणे’ असा आहे. ‘पाटलाने त्याला वेठीस धरले’ या वाक्यात कर्ता पाटील आहे आणि राबणारा मनुष्य कर्म आहे. अन्याय कोणी केला हे वाक्याच्या रचनेतच सांगितलेले असते. महार वतनाच्या नावाखाली चालणारी राबणूक वेठीत गणली जाऊ शकली, याचे एक कारण हे की राबवून घेणारा कोण हे सर्वांस दिसत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले; कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा अखेर १९५८ साली झाला.

भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदात हा शब्द विशेष रीतीने आला आहे. संविधानाच्या मूळ इंग्रजी पाठात ‘बेगार’ हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला आहे, आणि त्याच्याशी सदृश अशा सर्व सक्तीच्या श्रमांस मनाई केली आहे. परभाषेत प्रतिशब्द शोधण्याऐवजी देशी शब्द स्वीकारावा लागला, कारण त्या शब्दामागचा अनुभव देशी होता. परंतु त्या एका शब्दाबरोबर एक अडचणही आली. सरकार किंवा वतनदार फुकट राबवितो, असे जे चित्र ‘वेठबिगार’ या शब्दाने मनात उभे राहते, ते आजच्या बहुसंख्य बद्ध श्रमिकांना लागू पडत नाही.

४. लग्नगडी व खावटी

बोरिवलीहून रेल्वेने वसईची खाडी ओलांडली की थोड्याच वेळात आपण अशा भूभागात येतो, जेथे दास्याला अगदी घरगुती नाव होते. २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. त्यापूर्वी तो ठाणे जिल्ह्यात होता. येथील वारली समाजात लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून पैसे घेणारा तरुण ते फिटेपर्यंत त्याच्या घरी व शेतावर राबत असे. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. राबत असे तो एकटा नव्हे. ज्या स्त्रीशी लग्न झाले तीही राबे, आणि कर्ज न फिटल्यास मुलगाही. ‘लग्न’ आणि ‘गडी’ या दोन्ही शब्दांत भय वाटावे असे काही नाही. ‘गडी’ म्हणजे खेळातला सोबती, धट्टाकट्टा पुरुष, घरचा नोकर. अशा दोन मंगल-साध्या शब्दांच्या समासाने आयुष्यभराच्या बंधनाला नाव मिळाले.

याच प्रदेशातील दुसरा शब्द ‘खावटी’. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराकडून खाण्यापुरते धान्य उसने घ्यावयाचे आणि सुगीला ते वाढीदिढीने परत करावयाचे, हा खावटीचा व्यवहार. खावटी न फिटल्यास श्रमाने फेडावी लागे. पुढे शासनाने आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना काढली, आणि २०२० साली तिला अनुदानाचे रूप देऊन प्रत्येक पात्र कुटुंबास रोख व वस्तू मिळून चार हजार रुपयांचे साहाय्य ठरविले. सावकाराच्या वहीतील शब्द शासनाने अशा रीतीने आपल्याकडे घेतला. शब्दाचा अर्थ पालटावयाचा तर त्यामागील देणारा पालटावा लागतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

या स्थितीची सरकारी नोंद १९३८ साली डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील आदिवासींविषयी तयार केलेल्या अहवालात झाली. परंतु नोंदीने बंधन सुटले नाही. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेची परिषद झाली आणि तिच्यानंतर गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांनी वेठ व लग्नगडी यांस नकार दिला. त्याच वर्षी पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मजुरी मिळावी, अशी मागणी करून त्यांनी काम थांबविले. हे गवत मुंबईच्या तबेल्यांकडे येई, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि त्यात जेठ्या गांगड व त्यांचे सहकारी मृत्यू पावले. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात हा इतिहास लिहिला. त्या ग्रंथास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

बंधन तरीही समूळ गेले नाही. १९८० नंतर वसई तालुक्यातील दहिसर या गावी (हे उपनगरातील दहिसर नव्हे) विवेक व विद्युल्लता पंडित यांनी बद्ध आदिवासींच्या मुक्ततेचे काम हाती घेतले आणि त्यातून १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली. १९७६ चा कायदा तोवर सहा वर्षांचा झाला होता. या कार्याबद्दल उभयतांना १९९९ साली आंतरराष्ट्रीय गुलामगिरीविरोधी पुरस्कार देण्यात आला. ज्या वारल्यांचा हा इतिहास आहे, त्यांची कुटुंबे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील आणि गोरेगावच्या आरे वसाहतीतील पाड्यांवर आजही राहतात. उपनगरातील विद्यार्थ्याला या शब्दांच्या अभ्यासासाठी दूर जावे लागत नाही.

५. उचल

लग्नगडी हा शब्द मागे पडला आणि ‘उचल’ हा शब्द सर्वत्र झाला. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांसाठी मराठवाड्यातून येणारी ऊसतोड कुटुंबे, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील वीटभट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबे, या सर्वांचा हंगाम उचलीने सुरू होतो. पावसाळ्यात किंवा सणासुदीला हातात पैसा नसतो. त्या वेळी मुकादम किंवा भट्टीमालक पुढील हंगामाच्या कामापोटी रक्कम देतो. हंगामात कुटुंब टनामागे किंवा हजार विटांमागे ठरलेल्या दराने राबते. आठवड्याला पोटापुरती ‘खर्ची’ मिळते. हंगामाच्या अखेरीस ‘हिशेब’ होतो. उचल व खर्ची मजुरीतून वजा होतात, आणि पुष्कळदा ‘बाकी’ निघते. बाकी निघाली की पुढचा हंगामही त्याच मालकाकडे.

हे सर्व शब्द शुद्ध व्यापारी आहेत. त्यांत सक्तीचा लवलेश नाही. आता त्यांची वाक्ये पाहू. ‘त्याने उचल घेतली’ येथे कर्ता श्रमिक आहे. ‘वेठीस धरले’ या प्रयोगात जो कर्म होता, तो येथे कर्ता झाला आहे. पैसे देणारा वाक्यात कोठेच नाही. पुढचे वाक्य त्याहून बोलके आहे: ‘त्याच्या अंगावर बाकी निघाली.’ ‘निघणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. बाकी जणू आपोआप निघते. वही कोणी लिहिली, दर कोणी ठरविला, विटा कोणी मोजल्या, हे सांगण्याची सोयच त्या वाक्यात नाही. कामावर न गेलेल्या दिवसाचा ‘खाडा पडतो’. तोही आपोआप पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. यांत ‘अंगावर’ हा शब्दही विचार करण्यासारखा आहे. मराठीत कर्ज डोक्यावर असते तसे अंगावरही असते. बद्ध श्रमिकाच्या बाबतीत हा लाक्षणिक प्रयोग वाच्यार्थाने खरा ठरतो, कारण तारण म्हणून त्याच्याजवळ अंगाखेरीज काहीच नसते.

श्रमिक कर्ता झाला की दोषही त्याच्याकडे जातो. ‘उचल घेऊन पळाला’ असे ज्याच्याविषयी म्हणतात, तो लोकांच्या दृष्टीने चोर ठरतो; ‘उचल्या’ हा चोरवाचक शब्दही त्याच धातूपासून आला आहे. ही दृष्टी केवळ लोकांची नव्हे, एके काळी ती कायद्याचीही होती. आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या कामगारास शिक्षा देणारा कायदा १८५९ साली कलकत्ता, मद्रास व मुंबई या शहरांसाठी झाला, नंतर त्याचा विस्तार झाला, आणि १९२५ साली तो रद्द करण्यात आला. साठांहून अधिक वर्षे कराराचा भंग करणारा श्रमिक हा या देशात गुन्हेगार होता. कायदा गेला, परंतु त्याने दृढ केलेली ‘पळाला’ ही भाषा अद्याप टिकून आहे.

ऊसतोडीच्या भाषेत पती व पत्नी या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. उचल कोयत्यामागे ठरते. त्यामुळे स्त्रीच्या श्रमाचा वेगळा हिशेब होत नाही आणि तिच्या नावाची वेगळी नोंदही होत नाही. दोन माणसे एका हत्याराच्या नावाने मोजली जातात. ‘मुकादम’ हा अरबीतून आलेला शब्द मूळ ‘पुढे असलेला’, म्हणजे प्रमुख, अशा अर्थाचा. मराठेशाहीत तो गावच्या पाटलास लावीत. आज तो टोळी जमविणाऱ्या मध्यस्थास लावतात. मालक आणि श्रमिक यांच्यामध्ये मुकादम उभा राहिला की मालक वाक्यातून आणखी एक पायरी दूर जातो.

अन्य भाषांशी तुलना केल्यास हे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. पाकिस्तानातील वीटभट्ट्यांवर याच रकमेला ‘पेशगी’ म्हणतात. ‘पुढे दिलेली’ एवढाच त्याचा अर्थ. लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिशमध्ये मात्र आगाऊ रक्कम देऊन मजूर बांधण्याच्या पद्धतीला ‘एंगांचे’ असे नाव होते, आणि त्याचा अर्थ गळाला अडकविणे. तेथे शब्दानेच गळ टाकणाऱ्याचे अस्तित्व मान्य केले आहे. ‘उचल’ या शब्दात गळ दिसत नाही. केवळ आमिष घेणारा दिसतो.

६. कायद्याचे वाक्य

वेठबिगार पद्धती रद्द करणारा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला आणि १९७६ साली त्याचा कायदा झाला. हा कायदा अजूनही अमलात आहे. त्यातील व्याख्येचा आशय थोडक्यात असा सांगता येईल. आगाऊ रक्कम, रूढी, वारसाने आलेले दायित्व, जन्माने मिळालेली जात अशा कारणांपैकी कोणत्याही कारणास्तव एखाद्याने ऋणकोच्या नात्याने धनकोसाठी श्रम करावयाचे आणि त्यापायी पुढील चारांपैकी काही गमवावयाचे, म्हणजे बद्ध श्रम होय: योग्य वेतन, अन्यत्र काम करण्याचे स्वातंत्र्य, देशात कोठेही जाण्याचा हक्क, आणि आपल्या श्रमाचे किंवा मालाचे बाजारभावाने मोल घेण्याचा हक्क. मनुष्य साखळदंडाने बांधलेला असावा, अशी अट त्यात कोठेही नाही.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या कायद्यातील सर्वांत रंजक भाग म्हणजे ‘करार’ या शब्दाच्या व्याख्येला जोडलेले स्पष्टीकरण. रूढीनेच करार गृहीत धरला जातो अशा पद्धतींची सुमारे तीस देशी नावे तेथे दिली आहेत. अडियामार, बारामासिया, हाली, जीठा, कमिया, पालेरू, सागरी, वेट्टी ही त्यांपैकी काही. ही यादी म्हणजे भारतीय दास्याचा एक लहानसा कोशच होय. त्यात दक्षिण गुजरातेतील ‘हाली’ आहे, तेलुगू ‘वेट्टी’ आहे; ठाण्याचा ‘लग्नगडी’ मात्र नाही, आणि ‘उचल’ही नाही. व्याख्या व्यापक असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने त्यावाचून काही अडत नाही. परंतु यादी पाहून तपास करणाऱ्याचे अडू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने दोन निर्णयांत हे अंतर भरून काढण्याचा यत्न केला. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांसंबंधी निर्णय देताना न्यायालयाने म्हटले की सक्ती केवळ बळाची नसते, दारिद्र्याचीही असते. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात जो राबतो, त्याचे श्रम सक्तीचेच होत. डिसेंबर १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या प्रकरणात हरियाणातील दगडखाणींच्या मजुरांविषयी राज्याचा पवित्रा असा होता की त्यांचे श्रम सक्तीचे असले तरी कर्ज सिद्ध झाल्यावाचून त्यांना बद्ध म्हणता येणार नाही. न्यायालयाने हे नाकारले. श्रम सक्तीचे आहेत असे दिसले की ते आगाऊ रकमेपोटी आहेत असे गृहीत धरावे, आणि तसे नसल्यास मालकाने सिद्ध करावे, असा दंडक त्याने घातला. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर न्यायालयाने वाक्यातला हरवलेला कर्ता परत आणला आणि उत्तर देण्याचे ओझे त्याच्यावर टाकले.

व्याख्येचा आणि प्रश्न विचारण्याच्या रीतीचा परिणाम संख्येवर केवढा होतो, हे त्याच सुमाराच्या दोन पाहण्यांवरून दिसते. गांधी शांती प्रतिष्ठान व राष्ट्रीय श्रमसंस्था यांच्या १९७८ च्या पाहणीत दहा राज्यांत सुमारे २६ लक्ष १७ हजार बद्ध श्रमिक असल्याचा अंदाज निघाला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ३२ व्या फेरीत सोळा राज्यांत केवळ सुमारे ३ लक्ष ४५ हजार आढळले. पाहणीच्या पद्धती भिन्न होत्या हे खरे. परंतु राज्ये अधिक असूनही संख्या सातपटींहून कमी यावी, एवढे अंतर केवळ मोजणीच्या चुकीने पडत नाही. कोणाला बद्ध म्हणावयाचे, याविषयीच एकवाक्यता नव्हती. २०१६ साली केंद्र सरकारने २०३० पर्यंत सुमारे १ कोटी ८४ लक्ष बद्ध श्रमिकांच्या मुक्ततेचे उद्दिष्ट सांगितले. १९७८ पासून तोवर मुक्त झालेल्यांची नोंद सुमारे २ लक्ष ८२ हजार इतकी होती.

७. अपव्यापार आणि तस्करी

संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदात वेठबिगारीच्या जोडीला दुसरी एक मनाई आहे. मराठी पाठात तिच्यासाठी ‘माणसांचा अपव्यापार’ असा शब्द योजला आहे; हिंदी पाठात ‘दुर्व्यापार’ असा. हे शब्द घडविलेले आहेत, आणि चांगले घडविलेले आहेत. परंतु वृत्तपत्रांनी व लोकांनी ‘मानवी तस्करी’ हा शब्द पसंत केला. ‘तस्कर’ म्हणजे चोर. ‘तस्करी’ म्हणजे चोरटी आयात-निर्यात. या शब्दामुळे वाचकाच्या मनात सरहद्द, रात्र आणि लपविलेला माल येतो. वस्तुतः अपव्यापारात सरहद्द ओलांडावी लागत नाही. दिवसाढवळ्या, तिकीट काढून, ओळखीच्या माणसाबरोबर उपनगरातील स्थानकावर उतरलेली मुलगीही त्याची बळी असू शकते.

संयुक्त राष्ट्रांनी २००० साली स्वीकारलेल्या पालेर्मो येथील संलेखात अपव्यापाराचे तीन घटक सांगितले आहेत: कृती, साधन आणि हेतू. भारताने तो २०११ साली मान्य केला. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली दंडसंहितेचे ३७० वे कलम त्या धर्तीवर नव्याने लिहिले गेले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमाने घेतली आहे. या कलमात पाच क्रिया सांगितल्या आहेत. भरती करणे, नेणे, आसरा देणे, हस्तांतरित करणे व स्वीकारणे. पाचही क्रियापदे सकर्मक आहेत. पाचही ठिकाणी करणारा एक आणि जिच्यावर क्रिया होते ती व्यक्ती दुसरी. बळीची संमती होती की नव्हती, ही गोष्ट कलमाने अप्रस्तुत ठरविली आहे.

आता जबानीची भाषा पाहा. ‘मुलगी मुंबईला आली.’ ‘कामाला लागली.’ ‘तिथेच राहिली.’ ‘फसली.’ सारी क्रियापदे अकर्मक. मराठीत अशा क्रियापदांच्या जोड्या विपुल आहेत: येणे व आणणे, लागणे व लावणे, राहणे व ठेवणे, फसणे व फसविणे, अडकणे व अडकविणे. बोलणारी व्यक्ती भीतीने, लाजेने किंवा केवळ सवयीने जोडीतील पहिले रूप वापरते. कायद्याला हवे असते दुसरे. म्हणून तपास करणाऱ्याचे पहिले काम हे की ऐकलेल्या प्रत्येक अकर्मक क्रियापदामागील सकर्मक रूप शोधावयाचे. ‘आली’ म्हटले की ‘कोणाबरोबर? तिकीट कोणी काढले?’ ‘कामाला लागली’ म्हटले की ‘कोणी लावले? पैसे कोणाच्या हाती पडले?’ हे प्रश्न वकिली नव्हेत. साधे व्याकरणिक प्रश्न आहेत.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर या उपनगरांतील घराघरांत ‘चोवीस तास राहणारी मुलगी’ ठेवण्याची रीत परिचित आहे. तिचे वय चौदा वर्षांहून कमी असल्यास घरकाम करून घेणे १० ऑक्टोबर २००६ पासून निषिद्ध आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर, कुटुंबाला साहाय्य व बालकलाकार यांसारखे मोजके अपवाद वगळता, त्या वयाच्या मुलांना कोणत्याही कामास ठेवता येत नाही. परंतु वयाने मोठ्या असलेल्या स्त्रीविषयीही ‘राहणारी’ या अकर्मक विशेषणामागे ‘ठेवलेली’ हा अर्थ आहे की नाही, हे तपासणे योग्य होईल. तिचे वेतन कोणाच्या हाती जाते, सुटीच्या दिवशी ती बाहेर जाऊ शकते काय, तिची कागदपत्रे कोणाजवळ असतात, यांवरून ते कळते. याच उपनगरांच्या नाक्यांवर सकाळी उभा राहणारा नाका कामगार दरिद्री असेल, त्यास काम मिळेल याचीही शाश्वती नसते. परंतु आजचा दर न पटल्यास तो उद्या दुसऱ्या नाक्यावर जाऊ शकतो. दारिद्र्य आणि दास्य यांमधील सीमारेषा नेमकी येथे आहे. हंगामाच्या आधीच ज्याचे श्रम विकले गेले, त्यास दुसरा नाका नसतो.

८. उपसंहार

या विवेचनातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. मुंबई उपनगर जिल्ह्यासह प्रत्येक जिल्ह्यात बद्ध श्रमिक शोधण्याची जबाबदारी १९७६ च्या कायद्याने जिल्हादंडाधिकारी व दक्षता समिती यांवर टाकली आहे. २०१६ च्या केंद्रीय योजनेने पुनर्वसनासाठी प्रौढ पुरुषास १ लक्ष, स्त्रिया व बालकांस २ लक्ष, आणि अत्यंत गंभीर प्रकरणांत ३ लक्ष रुपये ठरविले. परंतु संपूर्ण साहाय्य आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडले. म्हणजे जबानीतील एकेका वाक्यावर एका कुटुंबाचे पुढील आयुष्य अवलंबून राहते. अशा वेळी ‘तुम्ही वेठबिगार आहात काय?’ असा प्रश्न विचारणे व्यर्थ होय. त्याचे उत्तर प्रायः नकारार्थीच येईल आणि ते उत्तर प्रामाणिकही असेल, कारण ज्याने ‘उचल घेतली’ आहे तो स्वतःला ‘वेठीस धरलेला’ समजत नाही.

त्याऐवजी उचल कोणी व कोणत्या महिन्यात दिली, दर कोणी ठरविला, वही कोणाजवळ असते व ती वाचता येते काय, हंगामाच्या मध्ये गावी जावयाचे झाल्यास कोणाला विचारावे लागते, गेल्यास काय होते, दुसऱ्याने अधिक मजुरी देऊ केल्यास जाता येते काय, असे प्रश्न विचारले पाहिजेत. कायद्याच्या व्याख्येतील चारही गोष्टी या प्रश्नांच्या उत्तरांत येतात. शब्द मात्र श्रमिकाचे असतात.

आपल्या विभागातील विद्यार्थी बोलींच्या सर्वेक्षणासाठी पाड्यांवर, भट्ट्यांवर व तळांवर जातात. ध्वनी, रूपे व शब्दसंग्रह यांची नोंद ते काळजीपूर्वक करतात. श्रम, कर्ज व हिशेब यांसंबंधीचे शब्द आणि त्यांची पूर्ण वाक्ये यांचीही त्यांनी तितक्याच काळजीने नोंद करावी, एवढीच येथे सूचना आहे. खर्ची, खाडा, बाकी, बयाणा, कोयता हे शब्द कोणत्या तालुक्यात कोणत्या अर्थाने व कोणत्या क्रियापदासह येतात, याचा एक विश्वसनीय कोश तयार झाला, तर तो भाषाशास्त्रास उपयोगी पडेलच; जबानी लिहून घेणाऱ्या तहसीलदारास, तिचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या अनुवादकास आणि ती वाचणाऱ्या न्यायाधीशासही तो उपयोगी पडेल. ‘बाकी निघाली’ या वाक्याचे भाषांतर ‘त्याचे देणे होते’ असे झाले तर श्रमिक ऋणको ठरतो. ‘मालकाने त्याच्या नावावर बाकी दाखविली’ असे झाले तर तपास सुरू होतो. यांपैकी कोणते भाषांतर खरे, हे वही पाहिल्यावाचून ठरत नाही. पण वही पाहावयास हवी, हे ध्यानात येण्यासाठी मूळ वाक्यात कर्ता नाही, हे आधी कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते.